ग्रुप घेऊन जाफन्याला: उत्तर श्रीलंकेच्या सहा दिवसांची आखणी

पहिल्या खेपेला मी बारा जणांना घेऊन जाफन्याला गेलो तेव्हा आखणी कागदावर झकास दिसत होती. कोलंबोहून मिनी बस, कोलंबोचाच गाईड, ए-९ रस्ता धरायचा आणि वावुनिया, किलिनोच्ची, एलिफंट पास असं सगळं वाटेत 'करत' संध्याकाळी जाफन्यात जेवायला. किलिनोच्चीत आडवी पडलेली पाण्याची प्रचंड टाकी पाहिली, तोफेचा गोळा घुसलेला सिमेंटचा ठोकळा पाहिला, एलिफंट पासला जळका बुलडोझर पाहिला. तिन्ही ठिकाणी आमचा ड्रायव्हर बसमधून खाली उतरला नाही. बुलडोझरपाशी आमच्यातल्या एका काकूंनी त्याला चहाला बोलावलं, तर म्हणाला, "इथे नको अम्मा, पुढे पळैला थांबू." पळैच्या टपरीवर मात्र त्यानेच सगळ्यांचा चहा सांगितला आणि रस्त्यापलीकडे हात करून काकूंना मोडक्या इंग्रजीत दाखवलं, माझं घर त्या बाजूला होतं. पुढे तो बराच वेळ तमिळमध्ये बोलत राहिला. गाईड चहा पीत उभा होता, कारण त्याला तमिळ येत नव्हतं.

त्या टपरीवर मी दोन गोष्टी ठरवल्या. युद्धाच्या जागा सुरुवातीला ठेवायच्या नाहीत, आणि सगळं एकाच तोंडून ऐकायचं नाही. खाली लिहिलंय ते बहुतेक या दोन गोष्टी प्रत्यक्षात कशा जमवायच्या याबद्दलच आहे. व्हिसा-पैशांचंही आहे, पण थोडक्यात.

माणसं किती, कोणती

दहा ते बारा. यापेक्षा जास्त झाले की मोठी बस लागते, मोठी बस आली की माइक येतो, आणि माइक हातात आला की चांगला गाईडसुद्धा भाषण ठोकतो. बारा जण एका टेबलाभोवती बसतात, एखाद्याच्या अंगणातही मावतात.

'श्रीलंका राहिलीय, उरकून टाकू' म्हणणाऱ्यांना सरळ दक्षिणेची टूर सुचवा. कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा सुंदरच आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक ग्रुप तिथेच जातात. उत्तरेत डोंगर नाहीत, चहाचे मळे नाहीत. सपाट, कोरडा, लाल मातीचा, ताडांचा मुलूख आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना मी नेत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना नेतो, पण बोटीची पायरी कशी असते ते आधी सांगून.

निघण्याआधी एक संध्याकाळ

कुणाच्या तरी घरी दोन तास बसा. स्लाइड वगैरे नको, एक नकाशा पुरे. इतका इतिहास डोक्यात असल्याशिवाय तिथली एकही जागा बोलत नाही.

यादवी साधारण १९८३ ते २००९ अशी मोजतात. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात तमिळ टायगर्सनी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईने, तेरा सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोत आणि इतरत्र तमिळांच्या घरादुकानांची जाळपोळ झाली, माणसं मारली गेली. त्याला 'काळा जुलै' म्हणतात. पण जाफन्यातली माणसं सुरुवात बऱ्याचदा दोन वर्षं मागून करतात. ३१ मे १९८१ च्या रात्री जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रांवरची हस्तलिखितं गेली. दुसरीकडे, ३१ जानेवारी १९९६ ला टायगर्सनी कोलंबोतल्या सेंट्रल बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला, त्यात नव्वदच्या आसपास माणसं मेली. तुमची गाडी ज्या फोर्ट स्टेशनवरून सुटते, तिथून ती बँक चालत जाण्याइतकी जवळ आहे. तुमच्या सिंहली गाईडचं कुणी तरी त्या काळात कुठल्या तरी बसमध्ये, गाडीत किंवा आघाडीवर गेलेलं असू शकतं, हेही लक्षात असू द्या.

एक तिसरी बाजू सांगायची बहुतेक जण विसरतात. ऑक्टोबर १९९० मध्ये टायगर्सनी उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना, सत्तर हजारांहून जास्त माणसांना, हाकलून दिलं. जाफना शहरात तर घर सोडायला दोन तास मिळाले. त्यातली पुष्कळशी कुटुंबं पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलमच्या बाजूला छावण्यांमध्ये वाढली.

आणि मग आपण. जुलै १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना इथे आली, मार्च १९९० मध्ये परत गेली. शांतता राखायला आलेली फौज काही महिन्यांत टायगर्सशीच लढू लागली आणि आपले सुमारे १,२०० जवान कामी आले. मराठा लाइट इन्फन्ट्री इथे होती, महार रेजिमेंट होती. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबर १९८७ ला इथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असतं. जाफन्याला दुसरी एक तारीख ठाऊक आहे: २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. त्या दिवशी भारतीय जवान जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले आणि गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे साठहून अधिक लोक मेले. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी सांगा. आपण तिथे तटस्थ पाहुणे म्हणून जात नाही. रिक्षावाला 'इंडिया?' असं विचारून हसतो तेव्हा त्या हसण्यात बरंच काही असतं.

राजीव गांधींच्या हत्येचा विषय आपल्यातलं कुणी ना कुणी काढतंच. तो त्याच संध्याकाळी घरी काढू द्या, वाद घालून घ्या. तिथे जेवणाच्या टेबलावर नको.

कधी

फेब्रुवारी ते सप्टेंबर. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, ईशान्य किनाऱ्यावरच्या मुल्लैतीवूकडचे रस्ते पाण्याखाली जातात आणि बोटी बंद पडतात. एप्रिल-मेमध्ये ऊन विदर्भाची आठवण करून देईल. जाफन्यातल्या नल्लूरच्या मुरुगन मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येतो. तेव्हा शहर पाहण्यासारखं असतं, पण खोल्या महिनोन् महिने आधी धराव्या लागतात.

दोन तारखा सांभाळा. १८ मे हा युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस आहे आणि २७ नोव्हेंबर टायगर्सच्या मृतांचा. या दिवसांच्या आसपास पोलीस बंदोबस्त वाढतो आणि तुमच्याशी बोलणाऱ्याला त्रास होऊ शकतो. ग्रुप घेऊन तेव्हा जाऊ नका. पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, देशभर सुट्टी असते आणि दारू मिळत नाही. आमच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांना ही माहिती सगळ्या इतिहासापेक्षा महत्त्वाची वाटली होती.

जायचं कसं

चेन्नईहून जाफन्याजवळच्या पलालीला थेट विमान आहे, तासा-दीड तासाचं. सोय चांगली, पण जाताना ते घेऊ नका, येताना घ्या. जाताना कोलंबोहून 'याल देवी' ही गाडी धरा. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, वेळ सात-आठ तास.

आग्रह धरण्याचं कारण आहे. ही गाडी १९९० मध्ये बंद पडली. वावुनियाच्या पुढचे रूळ उखडले गेले, रूळ आणि स्लीपर बंकरच्या छपरांना गेले. आपल्या इरकॉन कंपनीने भारताच्या कर्जातून नवा मार्ग बांधला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये, चोवीस वर्षांनी, गाडी पुन्हा जाफन्यात शिरली. वावुनियापर्यंत डबा पेंगत असतो. मग माती लाल होत जाते, स्टेशनं एकदम नवीकोरी, एकाच छापाची दिसू लागतात, आणि काही ठिकाणी शेंडा नसलेले ताड दिसतात, नुसते खांब. ताडाचा शेंडा एकदा गेला की तो पुन्हा फुटत नाही. खिडकीतून हे स्वतः दिसलेलं बरं, म्हणून गाडीत मी काहीच सांगत नाही.

तिकिटं काही आठवडे आधी काढा आणि मार्ग चालू आहे ना ते निघण्यापूर्वी पुन्हा पाहा. २०२४ मध्ये माहो ते अनुराधापुरा हा पट्टा दुरुस्तीसाठी महिनोन् महिने बंद होता.

व्हिसासाठी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढावं लागतं. शुल्क आणि सवलती अलीकडे वारंवार बदलल्यात, त्यामुळे सरकारी साइटच पाहा. शोधल्यावर वर दिसणाऱ्या दलाल साइट जास्तीचे पैसे घेतात. आपल्या एका रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. २०२४ पासून तिथे यूपीआय आहे, पण मुल्लैतीवूच्या टपरीवर रोखच चालते. सिम कोलंबो विमानतळावरच घ्या.

गाईड

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. हॉटेल चुकलं तर एक रात्र वाईट जाते, गाईड चुकला तर अख्खी सहल.

श्रीलंकेत गाईडना परवाने असतात: देशभराचा, एका विभागाचा, एका स्थळाचा, आणि ड्रायव्हर-गाईडचा वेगळा. टूर कंपनी बहुतेकदा तुम्हाला देशभराचा परवाना असलेला, दक्षिणेतला, इंग्रजी उत्तम बोलणारा माणूस देते. तो घ्याच. पण जाफन्याचे तीन दिवस आणि वन्नीचा, म्हणजे जाफना द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या मुलखाचा, एक दिवस यांसाठी तिथलाच एक तमिळ माणूस वेगळा ठरवा. तो विभागाचा गाईड असेल तर उत्तम. नसेल तर निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, कुणीही चालेल, अट इतकीच की तो तिथे वाढलेला असावा. परवान्याचं काम परवानेवाला करतो आणि हा आपला पाहुणा म्हणून बसमध्ये बसतो. कंपनी म्हणेल, गरज नाही, आमच्या माणसाला सगळं येतं. हसून ऐका आणि आपलं करा. जास्तीचा खर्च बारा जणांत वाटला की एका जेवणाइतका पडतो.

फोनवर पारख कशी करायची? 'युद्धात तुम्ही कुठे होता' हा प्रश्न पहिल्या फोनवर विचारायचा नाही. त्याऐवजी विचारा, मुल्लैतीवूला एक दिवस असेल तर काय दाखवाल? उत्तरात नुसती स्मारकांची यादी आली तर तो माणूस नको. एकाने मला उलट विचारलं होतं, "तुमच्या लोकांना खरंच बघायचंय की फोटो काढायचेत? त्यावर ठरेल." त्याला मी लगेच होकार दिला.

दोघं एका बसमध्ये आले की थोडं अवघडलेपण येतं. त्याला आमचा नियम साधा आहे. जाताना एक बोलतो, परतताना दुसरा. एकमेकांना खोडायचं नाही, आपण त्यांना भिडवायचं नाही. 'मग खरं कोणाचं?' असं बसमध्ये विचारायचं नाही. हा नियम निघायच्या आधी पुण्यातच सगळ्यांकडून कबूल करून घेतो, तरी कुणी तरी विचारतंच.

सहा दिवस

पहिला दिवस कोलंबोत उतरण्याचा. वेळ मिळाला तर श्री जयवर्धनेपुरा कोट्टेला, संसदेच्या परिसराजवळ, शांतिसेनेचं स्मारक आहे. काळ्या दगडावर नावं कोरलेली आहेत. आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त सुभेदारांना तिथून हलवायला अर्धा तास लागला होता, म्हणून पुढचं काही ठेवू नका. दुसरा दिवस रेल्वेचा, दुपारी जाफना, संध्याकाळी फक्त बाजारात भटकणं.

तिसरा दिवस शहराचा. सकाळी किल्ला. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधला, डचांनी ताऱ्याच्या आकारात वाढवला आणि युद्धाने आतलं डच चर्च पार जमीनदोस्त केलं. तटबंदीची डागडुजी झालीय, आतला चुराडा तसाच आहे. तिथून ग्रंथालय हाकेच्या अंतरावर. पांढरीशुभ्र इमारत, समोर सरस्वती. ते २००३ मध्ये पुन्हा उघडलं. आत परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं असतात, त्यामुळे चार-चार जणांनी आणि वेळ विचारूनच आत जायचं, कुजबुजसुद्धा नको. जळालेल्या पुस्तकांची गोष्ट बाहेर बागेत सांगा. शेजारी भारताने बांधून दिलेलं सांस्कृतिक केंद्र उंचच उंच उभं आहे.

संध्याकाळी नल्लूर. पूजा ठरल्या मिनिटाला सुरू होते, पाच मिनिटं उशीर म्हणजे चुकलीच. पुरुषांनी शर्ट बनियन काढून आत जायचं, फोटो नाहीत. इथे दर वेळी एक गोष्ट होते. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी हे कळलं की ग्रुपमधल्या दोन-तीन काकू दाराशीच थबकतात: "आम्हाला चालतं का?" आपल्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायका एरवी घेत नाहीत, आणि इथे तर मोगऱ्याचे गजरे माळलेल्या बायकांनी मंदिर भरलेलं असतं. एका काकूंनी आत जाऊन आल्यावर सांगितलं, "घरी सासूबाईंना सांगू नका." सासूबाईंना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

चौथा दिवस नैनातीवू बेटाचा. जाफन्यापासून कुरिकट्टुवानच्या धक्क्यापर्यंत, खाडीवर घातलेल्या बांधाच्या रस्त्याने, साधारण तासभर. पुढे बोट पंधरा-वीस मिनिटांची. बोट बुटकी, लाकडी, आत डिझेलचा वास, लाइफ जॅकेट नारिंगी आणि ओलसर. वाकून उतरायचं आणि बाकावर सरकत जायचं. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांतल्या सिंहली आज्या, मांडीवर कमळं घेऊन, नागदीप विहाराला निघालेल्या. समोर तमिळ कुटुंब, नागपूषणी अम्मनच्या पायावर घालायला तान्हं बाळ आणलेलं. बोट हलली की दोन्हीकडच्या बायका एकदमच बाळाला सावरायला हात पुढे करतात. बेटावर मंदिर आणि विहार दोन्ही चालत जाण्याइतकं जवळ आहे. दुपारचं ऊन लागायच्या आत परत या. मग पॉइंट पेद्रोला जा, ही देशाची उत्तरेकडची टोकाची बाजू. तिथला वडा आपल्या वड्यासारखा नसतो, तांदळा-उडदाचा चपटा कुरकुरीत, थेट आपल्या कडक पुऱ्यांसारखा. पिशवीभर घ्या, उद्या लागेल.

पाचवा दिवस वन्नीचा, आणि तो पाचवा आहे तो मुद्दामच. चार दिवस माणसांत राहिल्यावर स्मारकं वेगळी दिसतात. पहाटे साडेपाचला निघा.

एलिफंट पास ही जाफना द्वीपकल्पाला उरलेल्या देशाशी जोडणारी चिंचोळी पट्टी. जुलै १९९१ मध्ये टायगर्सनी लष्करी तळावर चिलखती बुलडोझर घातला, तेव्हा गामिणी कुलरत्ने हा सैनिक हातबॉम्ब घेऊन त्यावर चढला आणि स्वतःसकट त्याने तो थांबवला. तो बुलडोझर तिथे ठेवलाय. ही गोष्ट सिंहली गाईडलाच सांगू द्या, तो ती मनापासून सांगतो. त्यानंतर तमिळ सोबत्याने आम्हाला रस्त्यापलीकडची मिठागरं दाखवली. युद्धाआधी इथलं मीठ देशभर जायचं, मग वर्षानुवर्षं बंद, आता पुन्हा ढीग दिसतात. एप्रिल २००० मध्ये हा तळ टायगर्सच्या हाती पडला, जानेवारी २००९ मध्ये लष्कराने परत घेतला. थोडं उत्तरेला मुहमालै आहे. देशातला सर्वांत दाट सुरुंगांचा पट्टा तो, दोन्ही बाजूंची आघाडी तिथे वर्षानुवर्षं अडून बसली होती. सुरुंग काढणाऱ्या पथकांमध्ये तिथल्या बायका पुष्कळ आहेत, कित्येक जणी युद्धात घरधनी गमावलेल्या. गुडघ्यावर बसून इंचाइंचाने माती खरवडायची, असं ते काम. ही पथकं कामात असतात, बघायला जायचं नाही.

किलिनोच्ची ही टायगर्सची प्रशासकीय राजधानी होती, ती २ जानेवारी २००९ ला पडली. इथल्या मंदिराबाहेर, रस्त्याकडेला, फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता झालेल्यांच्या आया फोटो घेऊन बसल्या. त्या नेमक्या कुठे आणि केव्हा बसतात ते तमिळ सोबत्याला विचारा. ते 'स्थळ' म्हणून दाखवायचं नाही. त्यांनी बसा म्हटलं तरच बसायचं.

मग थोडं मागे परंतनला येऊन उजवीकडे, मुल्लैतीवूच्या रस्त्याला. पुदुक्कुडियिरुप्पुला टायगर्सचा प्रमुख प्रभाकरन याचा जमिनीखालचा बंकर होता. युद्ध संपल्यावर दक्षिणेतून बसच्या बस तो पाहायला यायच्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये लष्कराने तो उडवून दिला. त्याचं वेलवेट्टितुरैचं घरही २०१० मध्ये पाडलं गेलं. त्यामुळे 'ते कुठे आहे' असं विचारू नका, विचारणाऱ्याकडे सगळेच बघतात. तळ्याच्या काठी लष्कराचं विजयस्मारक आहे, हातात बंदूक आणि झेंडा घेतलेला सैनिक. तिथून थोड्या अंतरावर नंदिकडल खाडी, वट्टुवाकलचा अरुंद पूल आणि मुळ्ळिवायक्काल. मे २००९ मध्ये युद्ध इथे, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर संपलं. लाखो माणसं त्या पट्टीत अडकली होती आणि त्या पुलावरून पलीकडे आली. शेवटच्या महिन्यांत नागरिक किती मेले यावर अजून वाद आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने चाळीस हजारांपर्यंतचा आकडा शक्य मानला, सरकारने तो नाकारला. बसमधल्या दोघांपैकी प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल. ऐकून घ्या.

त्या पट्टीत अडकलेल्यांना शेवटी मिळायची ती तांदळाची पातळ कंजी. अजून दर मे महिन्यात ती रस्त्यारस्त्यावर वाटतात. आमच्या सोबत्याने तिथे सावलीत बसून ती कशी करायचे ते सांगितलं: मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, असलं तर मीठ. कोकणातल्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे पेज?" त्याने शब्द दोनदा म्हणून पाहिला. पेज, पेज. जेवणाची वेळ झाली होती, पण इथे जेवण ठेवू नका. पिशवीतले वडे पुरतात, जेवण परतीच्या वाटेवर. रात्री जाफन्यात कसलाही कार्यक्रम नको, अंताक्षरी तर अजिबात नको.

सहावा दिवस परतीचा. सकाळी किरिमलैचं गोड्या पाण्याचं कुंड, समुद्राला खेटून. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, पोहायचे कपडे असू द्या. हा सगळा भाग लष्कराच्या उच्च सुरक्षा क्षेत्रात होता, जमिनी हळूहळू मालकांना परत मिळताहेत. वाटेत छप्पर नसलेली घरं दिसतील, आतून झाडं वाढलेली. काही उंबऱ्यांवर नवीन चुना असतो, म्हणजे मालक परत आलाय. तिथून पलाली विमानतळ जवळच आहे.

पाऊल, कॅमेरा, जीभ

वन्नीत मळलेली वाट सोडून पाऊल टाकायचं नाही. कवटीचं लाल चिन्ह आणि 'कण्णिवेडी' हा शब्द सगळ्यांना आधीच दाखवून ठेवा. सुरुंगाला तिकडे तेच म्हणतात. खरा धोका असतो तो झाडामागे लघवीला जाणाऱ्यांना. म्हणून किलिनोच्चीच्या आधी आणि नंतर बस कुठे थांबणार ते पक्कं करा आणि गरज असो नसो, सगळ्यांना उतरवा.

लष्करी छावण्या, नाके, गणवेशातली माणसं यांचे फोटो नाहीत. ड्रोन तर घरीच ठेवा. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढणं हा तिथे अपमान समजतात आणि त्यावरून पोलिसांपर्यंत गेलेली प्रकरणं आहेत. कुणी आपली कहाणी सांगत असेल तर मोबाइल खिशात. दहशतवादविरोधी कायदा १९७९ पासून लागू आहे आणि तुम्ही गावी येऊन हौसेने व्हॉट्सॲपवर टाकलेला व्हिडिओ त्या माणसाला महागात पडू शकतो. हे मी तिन्ही त्रिकाळ सांगतो.

'तुम्ही टायगर होता का?' हा विचारायचा प्रश्न नाही. तिथे लोक टायगर म्हणतही नाहीत, 'इयक्कम' म्हणतात, म्हणजे चळवळ. विचारायचंच असेल तर विचारा, शाळा कुठली, शेती कसली, इथे केव्हापासून राहता. युद्धात घरं सोडून किती वेळा पळावं लागलं हे माणसं मग आपणहून सांगतात, गावांच्या नावांनी मोजत. कोळी भेटले तर वेगळं ऐकायची तयारी ठेवा: तमिळनाडूचे ट्रॉलर रात्री येतात आणि समुद्राचा तळ खरवडून नेतात. श्रीलंकेने ही मासेमारी २०१७ मध्ये बंद केली, आपले ट्रॉलर थांबले नाहीत. 'तुम्ही इंडियावाले' असं म्हणून कुणी तासभर झापलं तर ऐका.

उतरणं, खाणं, पैसे

हॉटेल घेताना ते कोणाचं आहे ते विचारा. उत्तरेतली काही रिसॉर्ट आणि ए-९ वरची काही उपाहारगृहं लष्कर चालवतं. कांकेसंतुरैचं तलसेवना हे त्यातलं माहितीतलं नाव. जागा स्वच्छ, दरही ठीक. पण तुमचा तमिळ सोबती तिथे मोकळेपणी बोलणार नाही. मी नल्लूरच्या गल्ल्यांमधली घरगुती गेस्ट हाउसं घेतो. दोन शेजारशेजारची घेतली की बारा जण मावतात, आणि सकाळी इडियप्पम, नारळाचं सांबल घरातल्या बाई स्वतः वाढतात.

शाकाहाऱ्यांनी चिवड्याची अर्धी बॅग घरीच ठेवावी. जाफना हे शैव शहर, केळीच्या पानावरचं जेवण सगळीकडे. मासे खाणाऱ्यांनी खेकड्याची करी आणि 'कूळ' सोडू नये. ताडाच्या कोंबांचं पीठ लावून केलेला तो दाट, तिखट, मासे-कोळंबी-भाज्यांचा रस्सा. आपण ताडगोळे आणि ताडीवर थांबतो, इथली माणसं ताडाचं काही म्हणजे काही वाया घालवत नाहीत.

बक्षिसीची पाकिटं घरूनच करून न्या, तीन: दोन्ही सोबत्यांना सारखी, ड्रायव्हरला त्याहून थोडी जास्त. फोटो छापून पाठवायचे कबूल केले असतील तर पत्ता तिथल्या तिथे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या, तमिळ पत्ता आपण उतरवला की हमखास चुकतो. आणि त्या ताडाच्या कोंबांचं पीठ घेतलंत, तर दुकानाची छापील पिशवी फोडू नका. सुट्टं पांढरट पीठ बॅगेत सापडलं की पलालीचा तपासनीस सगळी बॅग टेबलावर उलटी करतो, आणि मागे अकरा जण उभे असतात.